कार्ल जान्स्की : खरखरीचा माग घेणारा अभियंता

मृगाच्या सुमारास सर्वण-डिचोलीच्या आभाळात वीज चमकली की घरातला रेडिओ खरखरू लागतो आणि आपण वैतागून तो बंद करतो. अशाच खरखरीचा छडा लावण्याचे काम कार्ल जान्स्की यांच्या वाट्याला आले, आणि त्यातूनच रेडिओ-खगोलशास्त्र जन्मास आले.

त्यांचा जन्म २२ ऑक्टोबर १९०५ रोजी अमेरिकेतील ओक्लाहोमा येथे झाला. वडील विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक. विस्कॉन्सिन विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकून १९२८ साली ते बेल टेलिफोन प्रयोगशाळेत दाखल झाले. मूत्रपिंडाचा विकार तरुणपणीच जडला होता. अटलांटिकपारच्या रेडिओ-संभाषणांत व्यत्यय आणणारे आवाज कोठून येतात, हे त्यांनी शोधायचे होते.

त्यासाठी त्यांनी सुमारे ३० मीटर लांबीची अँटेना उभारली. फोर्ड मोटारीच्या चाकांवर ती दर २० मिनिटांनी एक फेरी घेई. जवळच्या वादळांचे आवाज ओळखू आले, दूरच्यांचेही. उरली एक मंद, अखंड सळसळ. प्रथम ती सूर्याकडून येते असे भासले. परंतु महिनोन्‌महिने नोंदी ठेवल्यावर ती दर २३ तास ५६ मिनिटांनी परतते असे दिसले. हा तर ताऱ्यांचा दिवस! हे तरंग धनू राशीतून, आकाशगंगेच्या केंद्राच्या दिशेने येतात, असे त्यांनी १९३३ साली जाहीर केले.

वृत्तपत्रांनी कौतुक केले; पण दिवस मंदीचे होते आणि कंपनीला हवे ते उत्तर मिळाले होते. जान्स्की यांना दुसरे काम देण्यात आले. १४ फेब्रुवारी १९५० रोजी, अवघ्या ४४व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

१९७३ साली रेडिओ-स्रोतांच्या तीव्रतेच्या एककास त्यांचे नाव मिळाले. पुणे जिल्ह्यातील खोडदच्या रेडिओ दुर्बिणीची मोजमापेही याच एककात होतात. जानेवारी २०१९ मध्ये जपानमधील एका दुर्बिणीला आकाशगंगेच्या केंद्राच्याच दिशेला, जन्मास येणाऱ्या एका वजनदार ताऱ्याजवळ, मिथेनॉलचा मेसर भडकताना आढळला. मेसर म्हणजे लेसरप्रमाणे रेणूंनी वर्धित केलेला रेडिओ-झोत. काही आठवड्यांतच तो शेकडो जान्स्कींवर गेला. ताऱ्यावर वायूचा मोठा लोट कोसळला आणि त्या उष्णतेने मेसर चेतवला, असा निष्कर्ष निघाला. धुळीआड दडलेल्या या घटना साध्या दुर्बिणीला दिसत नाहीत. त्या हाती लागतात, त्या नित्यनेमाने ठेवलेल्या नोंदींमुळेच. ही वाट जान्स्की यांनी घालून दिली. तिच्यावरून फार पुढे जाणे मात्र त्यांच्या नशिबी नव्हते.