अंगणात गेलेली शाळा

मुंबईत १८९२ मध्ये जन्मलेल्या ताराबाई मोडक १९२३ मध्ये भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालशिक्षणकार्यात सामील झाल्या. मूल धाकाने नव्हे, तर खेळातून शिकते, ही श्रद्धा तेथे दृढ झाली. १९३६ मध्ये त्यांनी दादरला शिशुविहार सुरू केले. परंतु माँटेसरीची महागडी साधने गरिबांच्या मुलांना कोठून मिळणार? १९४५ पासून बोर्डीत त्यांनी शिंपले, बिया, पाने यांनाच साधने केले. वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा अनुताई वाघ यांच्या साथीने त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. १९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. १९७३ मध्ये त्या निवर्तल्या. देशभर रुळलेला ‘अंगणवाडी’ हा शब्द त्या अंगणाचाच वारसा सांगतो.