रंग कोणता लिहू?

तळेगावहून लोणावळ्याची लोकल धरली की वडगाव, कान्हे, कामशेत आणि मग मळवली. इथं आपण उतरतो ते एकवीरा आईच्या दर्शनाला नाहीतर भाज्याची लेणी बघायला. पण आपल्या आज्यांच्या देवघरात लक्ष्मी-सरस्वतीच्या ज्या रंगीत तसबिरी असायच्या, त्यातल्या कितीतरी याच मळवलीत छापल्या गेल्या, हे किती जणींना ठाऊक आहे? तो छापखाना होता राजा रविवर्मांचा. केरळातला हा चित्रकार आपल्या मावळाशी असा जोडला गेला.

रविवर्मांचा जन्म २९ एप्रिल १८४८ चा, त्रावणकोर संस्थानातल्या किळिमानूरचा. मुलाचा हात चित्रात चालतो हे मामा राजराज वर्मांनी ओळखलं. ते स्वतः चित्रं काढत. चौदाव्या वर्षी, १८६२ मध्ये, रविवर्मा तिरुवनंतपुरमच्या राजवाड्यात आले. पुढे थिओडोर जेन्सन नावाचा युरोपियन चित्रकार दरबारात आला. तो तैलरंगात काम करायचा, पण शिकवायला काही तयार नव्हता. रविवर्मांना फक्त शेजारी उभं राहून बघायची परवानगी मिळाली. मैत्रिणींनो, या बघण्यातच त्यांचं निम्मं शिक्षण झालं म्हणा ना!

त्यांनी काय बघितलं असेल? दक्षिणेत तंजावरी चित्रांची मोठी परंपरा. त्यात दागिना दाखवायचा तर खऱ्या सोन्याचा वर्ख लावत. तैलचित्रात मात्र वर्ख नसतो. पिवळा, तपकिरी आणि उजेड पडतो तिथं पांढरटसर ठिपका, एवढ्यावर बांगडी सोन्याची दिसते. रविवर्मांच्या चित्रातल्या जरीच्या काठावर नजर ठेवून बघा. जवळून नुसते पिवळे-मातकट फटकारे आणि चार पावलं मागं गेलं की झळाळणारी जर. सोनं कॅनव्हासवर नसतंच, ते आपल्या डोळ्यांत तयार होतं.

यात जादू नाही. सूर्याच्या उजेडात सगळे रंग मिसळलेले असतात, इंद्रधनुष्यात ते सुटे होऊन दिसतात. हिरव्या साडीवर हा उजेड पडला की ती बाकीचे रंग बहुतेक गिळते आणि हिरवा तेवढा परत पाठवते. तो आपल्या डोळ्यांत शिरतो. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या पेशी असतात, त्यांच्या निरोपावरून मेंदू ठरवतो की हा हिरवा. म्हणजे साडी, उजेड आणि डोळा, तिघं मिळून रंग. यातलं एक बदललं की रंग बदलला.

मॅचिंग सेंटरमध्ये ट्यूबलाइटखाली ब्लाउजपीस साडीला अगदी जुळतो आणि बाहेर उन्हात आल्यावर वेगळाच वाटतो, तो यामुळेच. दुकानदाराची लबाडी नसते ती. ट्यूबमधल्या उजेडाचं मिश्रण उन्हासारखं नसतं आणि दोन्ही कापडांचे रंग वेगवेगळे असल्यानं फरक उघडा पडतो. संध्याकाळी अंगणातल्या जास्वंदीकडेही बघा. दिवसा लालभडक दिसणारं फूल तिन्हीसांजेला काळपट होतं, पानं मात्र अजून दिसत असतात. अंधारात डोळ्याच्या दुसऱ्या पेशी काम करू लागतात आणि त्यांना तांबडा फारसा कळत नाही.

हे सगळं रविवर्मांनी पेशींची नावं न घेता, नुसत्या नजरेनं ओळखलं. १८७३ मध्ये मद्रासच्या प्रदर्शनात त्यांच्या नायर स्त्रीच्या चित्राला सुवर्णपदक मिळालं. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांच्याकडून पुराणातल्या प्रसंगांची चौदा चित्रं करवून घेतली. १८८९ च्या एका चित्रात त्यांनी देशाच्या वेगवेगळ्या भागांतल्या अकरा वादक-गायक स्त्रिया एकत्र बसवल्या. कुणी गोरी, कुणी गव्हाळ, कुणी सावळी. कुणाच्याही गालाला एकच रंग नाही. उजेडाकडच्या बाजूला पिवळसर, सावलीत तांबूस-करडा, हनुवटीखाली शेजारच्या साडीची झाक.

मग छापखाना. राजांच्या वाड्यातलं चित्र सामान्यांच्या घरी जावं, असं त्रावणकोर आणि बडोद्याचे दिवाण राहिलेले सर टी. माधवराव यांनी त्यांना सुचवलं होतं. १८९४ मध्ये मुंबईत छापखाना निघाला. यंत्रं आणि तंत्रज्ञ जर्मनीचे. पाच वर्षांनी तो मळवलीला आला. दगडावर तेलकट शाईनं चित्र रेखाटायचं, एका रंगाला एक दगड, आणि कागद एकामागून एक सगळ्या दगडांवरून न्यायचा. जुनी तसबीर भिंगाखाली धरली तर बारीक ठिपके दिसतात. लालशेजारी पिवळा ठिपका आला की लांबून डोळा त्याचा केशरी करतो. शेवटचं मिश्रण करायचं काम बघणाऱ्या बाईवर सोडलेलं! ज्यांना देवळाच्या पायरीशीही उभं करत नव्हते, त्यांच्याही घरात या तसबिरींमुळे देव आला, ही मोठीच गोष्ट.

धंदा मात्र साधला नाही. कर्ज वाढलं आणि काही वर्षांतच छापखाना फ्रित्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. १९०५ मध्ये सतत सोबत काम करणारे धाकटे भाऊ राजराज वर्मा गेले. मधुमेहानं खंगलेल्या रविवर्मांनीही २ ऑक्टोबर १९०६ ला किळिमानूरलाच देह ठेवला. मळवलीचा छापखाना १९७२ च्या आगीत गेला.

एक गोष्ट मला खटकते, तीही सांगते. या छापील देवींचे चेहरे बहुतेक गोरे-गुलाबीच. घराघरांत तेच बघून बघून सुंदर म्हणजे गोरी हे माप आणखी पक्कं झालं असावं, असं मला वाटतं. वधू-वर मेळाव्यात मी नोंदणीला बसते. फॉर्मात वर्ण असा रकाना असतो. सावळ्या मुलीची आई तिथं आली की आवाज खाली करते, निमगोरी लिहा म्हणते. शेजारी उभी असलेली मुलगी मान खाली घालते. शिकलेली, नोकरी करणारी मुलगी एका शब्दापाशी अडते.

अशा वेळी मला त्या अकराजणी आठवतात. ज्या माणसानं आयुष्यभर उजेड आणि कातडीचा रंग यांचा हिशेब मांडला, त्याला एका गालासाठी रंगाच्या किती नळ्या लागल्या असतील! मी त्या आईला सांगते, ताई, तुमची लेक सकाळच्या उन्हात बघा, दुपारी सावलीत बघा आणि संध्याकाळी देवाजवळ दिवा लावताना बघा. तिन्ही वेळा वेगळी दिसेल. यातला कोणता रंग लिहू?

आणि त्या रकान्यात मी सरळ एक आडवी रेघ मारते.