ज्यांना टार्गेटवर हरवलं, त्यांच्याकडूनच शिकार शिकले : धनुष्यबाणवाल्या डॉक्टर पोप यांची गोष्ट

2023 साली साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे बर्लिनमध्ये तिरंदाजीचे वर्ल्ड चॅम्पियन झाले आणि ‘कंपाउंड’ हा शब्द आपल्याकडे बऱ्याच जणांनी पहिल्यांदा ऐकला. दोन्ही टोकांना चाकं असलेलं हे धनुष्य. पूर्ण ताणलं की चाकं बराचसा भार स्वतःवर घेतात, त्यामुळे नेम धरून थांबता येतं. अमेरिकेत मात्र हे धनुष्य मेडलपेक्षा हरणांच्या शिकारीसाठी जास्त विकलं जातं. टार्गेटवर रिकर्व्ह चालवणारे अनेक जण पुढे कंपाउंड घेऊन जंगलात शिरतात.

आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्यामुळे हा विषयच बंद आहे. पण अमेरिकेत हे वेड ज्यांनी रुजवलं, त्या सॅक्स्टन पोप यांनी आयुष्यात कंपाउंड पाहिलंच नाही.

पोप यांचा जन्म 1875 चा, टेक्सासमधला. वडील लष्करात डॉक्टर. स्वतःही डॉक्टर झाले, कॅलिफोर्नियातल्या लहान गावात प्रॅक्टिस केली आणि 1912 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या मेडिकल कॉलेजात सर्जरी शिकवायला आले. कॉलेजला लागूनच विद्यापीठाचं म्युझियम होतं आणि तिथे इशी राहत होते.

इशी हे याही जमातीतले शेवटचे. गोऱ्या वसाहतवाल्यांनी ही जमात कत्तली करून संपवली होती. उरलेले मूठभर लोक कित्येक वर्षं डोंगरात लपून जगले. सगळे गेल्यावर ऑगस्ट 1911 मध्ये इशी एकटेच ओरोव्हिल गावाजवळच्या कत्तलखान्यापाशी आले. स्वतःचं नाव परक्याला सांगायचं नाही अशी त्यांच्यात रीत होती. म्हणून म्युझियमवाल्यांनी इशी म्हणायला सुरुवात केली, त्याचा अर्थ फक्त ‘माणूस’.

पोप त्यांचे डॉक्टर झाले आणि शिष्यही. खरी गंमत इथे आहे. रंगीत गोल लावून 40-50-60 यार्डांवरून बाण मारायची स्पर्धा लावली की पोप जिंकायचे. इशींना त्या गोलात रसच नव्हता. त्यांचं धनुष्य आखूड, जुनिपरच्या लाकडाचं, पाठीवर जनावराचे स्नायू चिकटवलेले. दोरी अंगठ्याने ओढायची आणि बसूनही मारता आलं पाहिजे, कारण झुडपात उभं राहिलं की हरीण पळालंच. पक्ष्याएवढी वस्तू जवळ ठेवली की मात्र त्यांचा बाण बरोबर लागायचा.

पोप यांना कळलं की शिकारीत नेम ही शेवटची पायरी आहे, त्याआधी जवळ जाता आलं पाहिजे. इशी शिकारीआधी अंघोळ करत, तंबाखू आणि मासे टाळत, म्हणजे अंगाला वास नको. वारा कुठून येतो ते बघत. बोटं ओठांना लावून चुंबनासारखा आवाज काढला की घाबरलेल्या सशाची नक्कल व्हायची आणि जनावरं काय झालंय ते बघायला जवळ यायची. 1914 मध्ये डियर क्रीकच्या त्यांच्या जुन्या मुलखात पोप त्यांच्यासोबत फिरून आले.

मार्च 1916 मध्ये इशी टीबीने गेले. मृत शरीर कापणं त्यांना अजिबात पसंत नव्हतं, हे जवळच्यांना माहीत होतं. मानववंशशास्त्रज्ञ क्रोबर यांनी न्यूयॉर्कहून पत्र लिहून विरोध केला. तरी शवविच्छेदन झालं. पोप यांनी ते थांबवलं नाही. मेंदू काढून वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत गेला. मित्र म्हणवणाऱ्या माणसाच्या आयुष्यातला हा डाग पुसता येण्यासारखा नाही.

त्यानंतर पोप यांनी शिकारच धरली. इशींचं आखूड धनुष्य नाही, तर यू लाकडाचं लांब इंग्लिश धनुष्य आणि पोलादी पात्याचे बाण. 1920 मध्ये मित्र आर्थर यंग यांच्यासोबत यलोस्टोनमध्ये म्युझियमसाठी ग्रिझली अस्वलं मारली, अर्थात सोबतच्या वाटाड्याकडे बंदूक होती. 1923 मध्ये धनुष्यबाणाच्या शिकारीवर पुस्तक आलं आणि अमेरिकेत शेकडो जणांच्या हातात धनुष्य आलं. 1925 मध्ये सिंहासाठी आफ्रिका गाठली. तिथेही बंदुकीशिवाय भागलं नाही. पुढच्याच वर्षी, वयाच्या पन्नाशीत, न्यूमोनियाने ते गेले.

1961 मध्ये धनुष्याने शिकार करणाऱ्यांचा क्लब निघाला, त्याला पोप आणि यंग यांचं नाव मिळालं. 1966 मध्ये मिसुरीच्या होलिस विल्बर ॲलन यांनी चाकांच्या धनुष्याच्या पेटंटसाठी अर्ज केला, 1969 मध्ये ते मिळालं. लाकडी धनुष्यवाल्यांनी सुरुवातीला नाकं मुरडली, पण बाजार कंपाउंडने मारला. काम चाक करतं, वारा आणि वास मात्र आजही शिकाऱ्यालाच सांभाळावा लागतो.

इशींचा मेंदू 2000 साली स्मिथसोनियनने रेडिंग रँचेरिया आणि पिट रिव्हर या जमातींच्या हवाली केला. त्यांनी तो अस्थींसोबत इशींच्या मुलखात पुरला, जागा मात्र बाहेर सांगितली नाही.