बुरशी गिळणाऱ्या पेशी शोधणारे इल्या मेचनिकॉफ

२०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसची धास्ती पसरली. खरं तर बुरशीचे बीजाणू श्वासावाटे रोजच आपल्या शरीरात जातात. मग एरवी आपण आजारी का पडत नाही? या कोड्याचा पहिला धागा इल्या मेचनिकॉफ यांच्या हाती लागला.

१८४५ मध्ये आजच्या युक्रेनमध्ये जन्मलेले मेचनिकॉफ प्राणीशास्त्रज्ञ होते. १८८२ मध्ये इटलीतल्या मेसिना इथं त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीला काटे टोचले. दुसऱ्या दिवशी काट्यांभोवती पेशी गोळा झालेल्या दिसल्या. पुढे डॅफ्निया या पाण्यातल्या बारीक जिवात त्यांना खरी लढाई दिसली. बुरशीचे सुईसारखे बीजाणू आतडं भेदून घुसत आणि पेशी त्यांना गिळून टाकत. पेशी कमी पडल्या की डॅफ्निया मरून जाई.

अनेक शास्त्रज्ञांनी आधी हे मानलं नाही. १९०८ मध्ये मात्र पॉल एर्लिक यांच्यासोबत त्यांना नोबेल मिळालं. १९१६ मध्ये पॅरिसमध्ये त्यांचं निधन झालं. मुंबईत प्लेगची लस तयार करणारे हाफकिन हे त्यांचेच विद्यार्थी.

आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशीही असाच पहारा देतात. वाढलेली साखर आणि स्टेरॉइडचा अतिवापर यांमुळे त्या दुबळ्या होतात. २०२१ मध्ये अनेक रुग्णांच्या बाबतीत नेमकं हेच घडलं.