विश्लेषण : खंजिरीला इंग्रज सरकार का घाबरले? तुकडोजी महाराज आणि चिमूरची गोष्ट

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव नागपूर विद्यापीठाला आहे, त्यांची तसबीर विदर्भातील हजारो घरांत आहे. पण एका भजन गाणाऱ्या साधूला १९४२ मध्ये थेट तुरुंगात का टाकावे लागले? या प्रश्नाचे उत्तर चंद्रपूर जिल्ह्यातील चिमूरमध्ये सापडते.

कोण होते तुकडोजी महाराज?

मूळ नाव माणिक बंडोजी इंगळे. जन्म ३० एप्रिल १९०९, अमरावती जिल्ह्यातील यावली. घरची गरिबी, शाळा प्राथमिक वर्गांतच सुटली. वरखेडच्या आडकोजी महाराजांना त्यांनी गुरू मानले आणि 'तुकड्या' हे नावही त्यांच्याकडूनच मिळाले. पुढे भजनाच्या शेवटी हेच नाव ते स्वतःसाठी वापरत राहिले.

चंद्रपूरच्या जंगलाशी नाते कसे जुळले?

तरुणपणी माणिक घर सोडून रामटेक, सालबर्डी आणि चिमूर परिसरातील जंगलांत फिरला. चिमूर तालुक्यातील गोंदेडा ही त्यांची तपोभूमी मानली जाते आणि आजही तिथे भाविकांची गर्दी होते. जंगलातून ते बाहेर आले तेव्हा हाती खंजिरी होती. १९३५ मध्ये अमरावती जिल्ह्यातील मोझरीला त्यांनी गुरुकुंज आश्रम उभारला. पुढच्याच वर्षी महात्मा गांधींच्या निमंत्रणावरून सेवाग्राम आश्रमात त्यांचा सुमारे महिनाभर मुक्काम झाला. त्यानंतर त्यांच्या भजनांत देवासोबत देशही आला.

खंजिरीत असे काय होते?

झाडीपट्टीच्या लोकांना रात्र जागवून ऐकण्या-बघण्याची सवय जुनी. दंडार, खडी गंमत, नंतर नाटके. शेतातले धान घरात आले की गावोगावी मंडप पडतात. अशा श्रोत्यांपुढे तुकडोजी महाराज सोप्या हिंदी-मराठीत, चटकन तोंडी बसणाऱ्या चालीत गात. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही भजन एकदा ऐकले की गाता येई. वर्तमानपत्र न पोहोचणाऱ्या गावात अस्पृश्यता, व्यसन, कर्ज आणि गुलामी हे विषय भजनातून पोहोचले. सरकारला सभा बंद करता येत होती, छापखान्याला टाळे लावता येत होते. लोकांच्या ओठांवरचे भजन थांबवणे मात्र कठीण होते.

१९४२ मध्ये चिमूरला काय घडले?

त्या वर्षी महाराजांचा चातुर्मास चिमूरला होता. ९ ऑगस्टला गांधीजींसह काँग्रेसचे नेते अटकेत गेले. १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, चिमूरमध्ये लोक रस्त्यावर उतरले. पोलिसांनी गोळीबार केला. कोवळ्या वयाचा बालाजी रायपूरकर हुतात्मा झाला. त्यानंतर जमाव अनावर झाला आणि काही सरकारी अधिकारी-कर्मचारी मारले गेले. मग लष्कर आले. गावातील पुरुषांची धरपकड झाली, स्त्रियांवर अत्याचार झाले. त्यांच्या चौकशीसाठी प्रा. भन्साळी यांनी ६३ दिवस उपोषण केले.

महाराजांच्या भजनांनीच लोकांना चेतवले, असा सरकारचा समज होता. ऑगस्टअखेरीस त्यांना चंद्रपुरात अटक झाली. नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवून डिसेंबरमध्ये सोडण्यात आले. चिमूर-आष्टी खटल्यातील कैद्यांना मात्र फाशी सुनावली गेली होती. अनसूयाबाई काळे यांच्यासह अनेकांनी त्यांच्यासाठी धडपड केली आणि १९४५ मध्ये त्या शिक्षा जन्मठेपेत बदलल्या.

तुरुंगानंतर दिशा बदलली का?

खंजिरी तीच राहिली, काम अधिक बांधीव झाले. श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा गावोगाव निघाल्या. जातपात न पाहता सर्वांनी एकत्र बसून करायची सामुदायिक प्रार्थना, ग्रामसफाई, व्यायाम, व्यसनमुक्ती असा रोजचा कार्यक्रम ठरला. चिमूरने एका दिवसाच्या उद्रेकाची ताकद आणि किंमत दोन्ही दाखवली होती. गाव कायमचे उभे करायचे तर रोजची शिस्त हवी. हा विचार पुढे 'ग्रामगीता' या ४१ अध्यायांच्या ग्रंथात आला. ग्रंथाचे आराध्यदैवतच गाव आहे.

देशभर ओळख कशी झाली?

राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी त्यांना 'राष्ट्रसंत' म्हणून गौरवले. १९५५ मध्ये जपानमधील विश्वधर्म परिषदेत खंजिरी वाजली. १९५६ मध्ये स्थापन झालेल्या भारत साधू समाजाचे ते पहिले अध्यक्ष झाले. १९६२ आणि १९६५ च्या युद्धांच्या काळात सीमेवर जाऊन त्यांनी जवानांपुढे भजने गायिली. कर्करोगाने ११ ऑक्टोबर १९६८ रोजी त्यांचे निधन झाले.

आज त्यांचे काय उरले आहे?

पूर्वीच्या चांदा जिल्ह्यातून १९८२ मध्ये गडचिरोली वेगळा झाला. तिथे १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. म्हणजे महाराजांनी मांडलेला व्यसनाचा प्रश्न या दोन्ही जिल्ह्यांत अजून निकाली निघालेला नाही. कायदा येतो, जातो. गावाने स्वतः ठरवल्याशिवाय तो टिकत नाही, हा ग्रामगीतेचा धडा इथे पुन्हा पुन्हा तपासला जातो आहे. खंजिरी भजनाच्या स्पर्धा गावागावांत भरतात, संध्याकाळी सामुदायिक प्रार्थनेला माणसे बसतात. दरवर्षी पुण्यतिथीला मोझरीत त्यांच्या निधनाच्या वेळी लाखोंचा समुदाय मौन धरतो. आयुष्यभर गाऊन लोकांना जागे करणाऱ्या माणसाला त्याची माणसे शांत उभी राहून आठवतात.