मलिक अंबर : चाकरी, कसब आणि अमानत

आपल्या चांदूर बाजारच्या शेजारचे अचलपूर एकेकाळी इमादशाहीची राजधानी होते. सन 1574 मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीने वऱ्हाड जिंकून ते राज्य संपविले. निजामशाहीचा तत्कालीन पेशवा चंगेजखान हा स्वतः एकेकाळचा हबशी गुलाम होता, आणि त्याने विकत घेतलेल्या हबशी गुलामांत अंबर नावाचा एक तरुण होता.

सन 1548 च्या सुमारास हबशात, म्हणजे आजच्या इथिओपियात, जन्मलेल्या या मुलाचे मूळ नाव चापू. बालपणीच तो विकला गेला आणि हातोहाती फिरत बगदादला पोहोचला. तेथील मीर कासिम या व्यापाऱ्याने त्याची बुद्धी हेरून त्याला शिक्षण दिले. इस्लाम आणि अंबर हे नाव, दोन्ही त्याला तेथेच लाभले.

वऱ्हाडच्या मोहिमेनंतर लवकरच चंगेजखानाचा मृत्यू झाला. अंबर गुलामीतून सुटला, पण निराधारही झाला. येथून पुढची वीस वर्षे इतिहासाची पुस्तके दोन ओळींत उरकतात. मला मात्र तीच अधिक मोलाची वाटतात. जुम्याच्या नमाजनंतर अनेक तरुण विचारतात, नोकरीसाठी कुठे कोणाची ओळख आहे काय? अंबरची ओळख तर थेट पेशव्यापर्यंत होती, आणि ती धन्याबरोबर कबरीत गेली. उरले ते शिकलेले कसब आणि लोकांचा विश्वास. मोठे पद मिळेपर्यंत घरी बसून राहणे त्याने पत्करले नाही. साध्या शिपाईगिरीची चाकरी केली, विजापूरच्या सेवेत गेला आणि तेथे ‘मलिक’ हा किताब मिळविला.

पुढे आपल्या शिपायांच्या खर्चास दरबाराकडून पुरेशी रक्कम मिळेना, तेव्हा सन 1595 च्या सुमारास मलिक अंबर यांनी ती चाकरी सोडली व निजामशाहीत परतले. सोबत दीडशे स्वार आले. ज्याच्याजवळ द्यायला खजिना नाही, अशा माणसामागे दीडशे घरांची भाकर पणाला लावून लोक का निघाले असतील? कुरआनच्या सूरह कससमध्ये ह. मूसा (अ.) यांना कामावर ठेवण्याचा सल्ला मदयनची कन्या आपल्या पित्यास देते, तेव्हा ती दोनच गुण सांगते : सामर्थ्य आणि विश्वासार्हता. त्या स्वारांनीही आपल्या सरदारात हेच पाहिले असावे, असे मला वाटते.

सन 1600 मध्ये मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला, तरी मलिक अंबर यांनी दुसऱ्या मुर्तजा निजामशाहास गादीवर बसवून राज्य पुढे पाव शतक तगविले. ते कोणी वली नव्हते. राजकारणात त्यांनी कठोर, वादग्रस्त निर्णयही घेतले. कारभारात मात्र त्यांनी महसुलाची ठेकेदारी मोडली, जमिनीची पाहणी करविली आणि पिकाच्या मानाने सारा ठरविला. शेतकऱ्यावर किती भार पडतो हे आधी पाहावे, मग वसुलीस हात घालावा, अशी ती रीत होती. सन 1610 मध्ये त्यांनी खडकी, म्हणजे पुढचे औरंगाबाद, वसविले आणि डोंगराकडील पाणी भूमिगत नहरीने शहरात आणले. शहर वाढले, राजवटी बदलल्या, तरी त्या नहरीचे पाणी शतकानुशतके लोकांच्या घागरीत पडत राहिले.

सन 1626 मध्ये, ऐंशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी देह ठेवला तो राज्याचा कारभार हाती असतानाच. खुल्दाबादला त्यांची कबर आहे.