अंगणात भरलेली शाळा : ताराबाई मोडक

माँटेसरी पद्धतीची साधने भारतात आली, तेव्हा ती मोजक्या सुखवस्तू घरांतील मुलांच्याच हाती पडत. लाकडी मनोरे, दट्ट्यांच्या पेट्या, रंगपट्ट्या हे सारे सुबक होते आणि महागही. ही साधने समुद्रकाठच्या शिंपल्यांत आणि रानातल्या बियांत शोधण्याचे श्रेय ताराबाई मोडक यांच्याकडे जाते.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत, प्रार्थनासमाजाच्या संस्कारांतील केळकर कुटुंबात झाला. १९१४ साली त्या पदवीधर झाल्या. विवाह टिकला नाही. लहान मुलीसह त्या राजकोटला गेल्या, तेथील स्त्रियांच्या अध्यापन विद्यालयाच्या प्राचार्य झाल्या आणि १९२३ मध्ये ती मानाची नोकरी सोडून भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात रुजू झाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला.

गिजुभाई १९३९ मध्ये निवर्तले. मुंबईत काम स्थिरावलेले असताना, त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाईंनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी हे गाव निवडले. १९४५ मध्ये तेथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले आणि अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. बालवाडी उघडली खरी. पण जिच्यासाठी ती उघडली, त्या दलित वस्तीतील मुले येईनात. तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच वस्तीत नेली. झोपडीपुढील अंगण हाच वर्ग झाला.

अंगणात महागडी पेटी कशी मांडावी? शंख-शिंपले, गारगोट्या, चिंचोके, पाने, काड्या, माती हेच साहित्य झाले. मोठे-लहान, खरखरीत-गुळगुळीत, फिके-गडद हा माँटेसरीबाईंचा इंद्रियशिक्षणाचा क्रम त्यांनी सोडला नाही. वस्तू तेवढ्या बदलल्या. स्वस्त साधन म्हणजे दुय्यम शिक्षण असे वाटणे सोपे आहे. परंतु कारखान्यातला ठोकळा नेमका एकाच जागी बसतो, तर मूठभर शिंपल्यांतून मूल आज फूल मांडते, उद्या मासा. शिवाय ते मोडले तर रागावणारे कोणी नाही. रंगासाठी गेरू, चुना, कोळसा घरोघरी होतेच. अंगणात मांडलेले काम पाहायला पालकांना वेगळे बोलवावेही लागत नाही. पाण्याला निघालेली आई ते येता-जाता पाहते.

१९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. भोवती वारल्यांचे पाडे. गेरूने सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठाने चौक लिहिणाऱ्या स्त्रियांची ही मुले. भिंत चित्रासाठी असते हे त्यांना कोणी शिकवावे लागले नव्हते. गुरे राखणाऱ्यांसाठी ताराबाईंनी कुरणशाळा काढली.

१९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. तिच्या केंद्रांना अंगणवाडी म्हणतात.